पीएचपी अडलं की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत काम करणाऱ्यांकडून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने एररचा संदेश अर्धाच वाचलेला असतो. म्हणून उत्तरांमध्ये उपायाआधी संदेश कसा वाचायचा ते सांगितलं आहे. उदाहरणं लिनक्स सर्व्हरवरची आहेत. विंडोजवर जिथे फरक पडतो तिथे तसं म्हटलं आहे.

पान पूर्ण पांढरं येतंय. एररसुद्धा दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

लॉगपासून. पांढऱ्या पानामागे बहुतेक वेळा एक फेटल एरर असतो. तो दाखवला जात नाही इतकंच. चालू साइटवर डिस्प्ले_एरर्स बंद ठेवलेलं असतं आणि ते तसंच असायला हवं, कारण एररच्या मजकुरात फाइलींचे पाथ, टेबलांची नावं, कधी कधी डेटाबेसचा पासवर्डसुद्धा बाहेर पडतो. त्यामुळे संदेश लॉगमध्ये जातो. शेअर्ड होस्टिंग असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'एरर लॉग' शोधा, किंवा ज्या फोल्डरात फाइल आहे तिथेच एरर_लॉग नावाची फाइल तयार झाली आहे का ते पाहा. स्वतःचा सर्व्हर असेल तर अपाचे किंवा एनजिनएक्स, जो वेब सर्व्हर असेल त्याचा एरर लॉग उघडा, आणि पीएचपी-एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी वेगळी सेवा) वापरत असाल तर त्याचा वेगळा लॉगही.

स्वतःच्या मशीनवर मात्र सगळं उघडं ठेवा: एरर_रिपोर्टिंग 'ई_ऑल' आणि डिस्प्ले_एरर्स चालू. इथे एक खाच आहे, तिच्यात नवखे हमखास अडकतात. फाइलच्या वरच्या ओळीत आयएनआय_सेट लिहून एरर चालू केले, तरी त्याच फाइलमध्ये कंस चुकला असेल तर पान पांढरंच राहतं. पीएचपी आधी सगळी फाइल वाचून कंपाइल करतं आणि मगच पहिली ओळ चालवतं. वाचतानाच अडखळलं तर तुमची ती वरची ओळ कधी चालतच नाही. म्हणून ही सेटिंग कॉन्फिगरेशन फाइलमध्ये करा, किंवा टर्मिनलवर पीएचपीला 'उणे एल' हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्या. त्यात कोड चालत नाही, फक्त व्याकरण तपासलं जातं.

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदल केला, पण काहीच फरक पडला नाही. का?

बहुधा तुम्ही दुसरीच फाइल बदलली. एका मशीनवर पीएचपी.आयएनआय या नावाच्या दोन-तीन फाइली सहज असतात: टर्मिनलसाठी एक, वेब सर्व्हरसाठी दुसरी, आणि दोन आवृत्त्या बसवल्या असतील तर आणखी दोन. टर्मिनलवर जी फाइल दिसते ती ब्राउझरमधून येणाऱ्या विनंतीला लागू असेलच असं नाही. खरी फाइल कोणती ते पीएचपी-इन्फोच्या पानावर 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' या ओळीत दिसतं. ते पान ब्राउझरमधूनच उघडा, आणि काम झालं की सर्व्हरवरून काढून टाका. तसंच ठेवलं तर सर्व्हरची सगळी माहिती कोणालाही वाचता येते.

फाइल बरोबर असेल तर पीएचपी-एफपीएम किंवा अपाचे पुन्हा सुरू केलं का ते बघा. फोल्डरमधली .यूजर.आयएनआय वापरत असाल तर मात्र पुन्हा सुरू करायची गरज नाही, थांबावं लागतं: पीएचपी ती फाइल मुळात ३०० सेकंद लक्षात ठेवतं, त्यामुळे पाच मिनिटं जुनीच सेटिंग दिसते.

'हेडर्स ऑलरेडी सेंट' असं येतंय. मी तर काहीच छापलेलं नाही!

छापलंय, फक्त दिसत नाही. एचटीटीपीत आधी हेडर जातात आणि मग मजकूर. मजकुराचा एक बाइट जरी बाहेर पडला तरी हेडरची वेळ संपली. त्यानंतर रीडायरेक्ट, कुकी, सेशन यातलं काहीही पाठवायला गेलात की हा इशारा येतो.

या संदेशात दोन जागा दिलेल्या असतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण चुकीची जागा बघतो. जिथे हेडर पाठवायचा प्रयत्न झाला ती एक, आणि 'आउटपुट स्टार्टेड ॲट' या शब्दांपुढची दुसरी. चूक दुसऱ्या जागी असते. तिथे दिलेली फाइल उघडा, ओळ क्रमांक बघा.

ओळ १ असेल तर सुरुवातीच्या टॅगआधी एखादी रिकामी जागा आहे, किंवा फाइल बॉमसकट सेव्ह झाली आहे. बॉम म्हणजे यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला काही एडिटर घालतात ते तीन बाइट. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, पण पीएचपीच्या दृष्टीने तो मजकूरच. एका कॉन्फिगरेशन फाइलमधल्या या तीन बाइटांसाठी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून आता पहिली शंका मी तिथेच घेतो. एडिटरमधून फाइल 'यूटीएफ-८, बॉमविना' अशी सेव्ह करा. ओळ फाइलच्या शेवटची असेल तर समाप्तीच्या टॅगनंतर रिकाम्या ओळी राहिल्या आहेत. फाइलमध्ये फक्त पीएचपी असेल तर समाप्तीचा टॅग लिहूच नका. त्याची गरज नसते.

'माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही' हेही याच एररबद्दल फार ऐकू येतं. त्याचं कारण आउटपुट बफरिंग. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये ते ४०९६ बाइट असतं, तर कॉन्फिगरेशन फाइलच नसेल तर शून्य. बफर असला की पहिले चार हजारभर बाइट आत साठून राहतात आणि हेडर उशिरा पाठवला तरी चालून जातं. मग एक दिवस पान थोडं मोठं होतं, बफर भरून वाहतो, आणि महिनोन्‌महिने चाललेला कोड बंद पडतो. बफर वाढवून हे झाकता येतं, पण तसं करू नका. रीडायरेक्ट आणि सेशनचं काम पानाच्या छपाईआधी उरकेल अशी कोडची मांडणी करा. आणि रीडायरेक्टचा हेडर पाठवला की लगेच एक्झिट लिहा. हेडर पाठवल्याने पीएचपी थांबत नाही. खालचा कोड चालूच राहतो, मग त्यात नोंद खोडणारी क्वेरी असली तरीही.

पार्स एररमध्ये दिलेली ओळ तर अगदी बरोबर आहे!

असणारच. पीएचपी सांगतं ती जागा चूक *लक्षात आल्याची* असते. अर्धविराम ११व्या ओळीवर राहिला तर ते १२व्या ओळीवर कळतं, कारण १२वी ओळ सुरू होईपर्यंत वाक्य पुढे चालू असू शकलं असतं. म्हणून आधी वरची ओळ पाहा. ओळ क्रमांक फाइलच्या शेवटचा असेल तर कुठेतरी महिरपी कंस बंद व्हायचा राहिला आहे. एडिटरकडून फाइल पुन्हा इंडेंट करून घ्या. जिथून सगळा कोड उजवीकडे सरकत जाईल तिथे तो कंस सापडेल.

जुन्या सर्व्हरवर 'टी_पामायिम_नेकुदोतायिम' असं काही दिसलं तर घाबरू नका. हे हिब्रू शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ 'दोनदा दोन बिंदू', म्हणजे आपलं :: हे चिन्ह. पीएचपीचा गाभा नव्याने लिहिणारे झीव्ह सुरास्की आणि आंदी गुटमन्स इस्रायलमधले, त्यांनी चिन्हाला हे नाव दिलं. ८.० पासून संदेशात सरळ चिन्हच दिसतं.

'अनडिफाइंड ॲरे की' येतंय. पुढे @ लावला की जातं. मग लावू ना?

नको. @ लावल्याने एरर जात नाही, तुमच्या नजरेआड होतो. ती की का नाही हे शोधा. फॉर्ममधला चेकबॉक्स टिक केला नसेल तर ब्राउझर तो पाठवतच नाही. इनपुटला नेम द्यायचं राहून फक्त आयडी दिलेला असतो. पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा पोस्ट झालेलंच नसतं. यातलं 'नसणं' चालण्यासारखं असेल तर ?? वापरून पर्यायी किंमत द्या. ही सोय ७.० पासून आहे. नसणं चालण्यासारखं नसेल तर तिथेच थांबून वापरणाऱ्याला सांगा.

एम्प्टी वापरताना मात्र सांभाळा. त्याच्या लेखी '०' हा अंकसुद्धा रिकामा. कोणी संख्या म्हणून शून्य भरलं की 'हा रकाना भरा' असा चुकीचा संदेश जातो, त्याचं कारण हेच.

सर्व्हरवर पीएचपी ७ वरून ८ केलं आणि साइट मोडली. परत मागे जाऊ?

घाई असेल तर तात्पुरतं जा, पण तिथे राहू नका. ७.४ ला २८ नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. एखादी भेद्यता सापडली तर ती तशीच राहील.

मोडण्याची कारणं ठरावीक आहेत. सगळ्यात कपटी आहे ती तुलना, कारण तिथे एरर येतच नाही. शून्य हा अंक आणि 'नाही' असा कुठलाही शब्द यांची == ने तुलना केली तर ७ पर्यंत उत्तर 'खरं' यायचं; ८.० पासून 'खोटं' येतं. नवं वागणंच शहाणपणाचं आहे, पण तुमचा एखादा इफ जुन्या वागण्यावर टेकलेला असेल तर तो गुपचूप दुसऱ्या वाटेने जाईल. === वापरा, आणि इन_ॲरे या फंक्शनला तिसरा 'ट्रू' द्या.

बाकीचं आवाज करून मोडतं, म्हणून सोपं. ईच आणि क्रिएट_फंक्शन ८.० मध्ये काढून टाकली. महिरपी कंसाने स्ट्रिंगमधलं अक्षर काढणंही गेलं, चौकोनी कंस वापरा. नल वर काउंट केलं तर ७.२ पासून इशारा यायचा, ८.० पासून टाइप एरर येऊन काम थांबतं. ८.१ मध्ये स्ट्रलेनसारख्या अंगभूत फंक्शनांना नल देणं, आणि ८.२ मध्ये क्लासमध्ये जाहीर न केलेली प्रॉपर्टी परस्पर तयार करणं, हे 'डेप्रिकेटेड' झालं. डेप्रिकेटेडचा इशारा म्हणजे कोड आज चालतोय, पुढे चालणार नाही. तो लॉगमध्ये जाऊ द्या आणि सवडीने एकेक निपटा.

फारच जुना कोड असेल आणि 'मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शन नाही' असं येत असेल, तर तो प्रश्न ८ चा नाही. ती सगळी फंक्शनं ७.० मध्येच, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये गेली. पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय (डेटाबेसशी जोडण्याच्या पीएचपीतल्या दोन सोयी) वापरून ते भाग पुन्हा लिहावे लागतील, दुसरा मार्ग नाही.

डेटाबेसमध्ये मराठी मजकूर भरला की प्रश्नचिन्हं दिसतात.

हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी काय दिसतंय ते नीट पाहा. निखळ प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर डेटाबेसने ते अक्षर साठवता न आल्यामुळे त्या जागी प्रश्नचिन्ह *ठेवलं* आहे. मूळ मजकूर गेला, तो कुठल्याही सेटिंगने परत येणार नाही. पण तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या मागेपुढे विचित्र चिन्हं, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जात आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. तोच तो रोमन ए. असा मजकूर बहुधा परत मिळवता येतो. बॅकअप घेतल्याशिवाय मात्र हात लावू नका.

उपाय म्हणजे वाटेतला प्रत्येक टप्पा यूटीएफ-८ करणं: एचटीएमएलचा मेटा टॅग, टेबलातले रकाने, आणि बहुतेक जण विसरतात तो, पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातलं कनेक्शन. पीडीओमध्ये डीएसएनच्या, म्हणजे जोडणीची माहिती देणाऱ्या, ओळीतच चारसेट द्या, मायएसक्यूएलआयमध्ये सेट_चारसेट वापरा. किंमत द्या 'यूटीएफ८एमबी४'. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' नावाला यूटीएफ-८, तो तीन बाइटांपर्यंतच साठवतो. देवनागरी त्यात मावते, पण इमोजीला चार बाइट लागतात. म्हणून मराठी वर्षभर नीट चालतं आणि एक दिवस कुणीतरी प्रतिक्रियेत हसरा चेहरा टाकतो की नोंद फेटाळली जाते. मायएसक्यूएल ८.० पासून यूटीएफ८एमबी४ हाच मूळचा चारसेट आहे. जुनी टेबलं मात्र तुम्हालाच बदलावी लागतील.

आता पीएचपीच्या आतलं. स्ट्रलेन बाइट मोजतं. 'मराठी' या शब्दाची लांबी ते १५ सांगेल. एमबी_स्ट्रलेन ५ सांगेल, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. इंटल एक्स्टेंशनमधलं ग्राफीम_स्ट्रलेन ३ सांगेल: म, रा, ठी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतात ती तीनच. बातमीचा सारांश सबस्ट्रने कापला तर कापणी अक्षराच्या मधोमध होऊन शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. एमबी_सबस्ट्रने ते टळतं, पण काना-मात्रा सुटून अक्षर उघडं पडू शकतं. मराठीसाठी ग्राफीम_सबस्ट्र वापरा. इतकी साधी गोष्ट, पण तयार थीम आणि प्लगइनांमध्ये ती क्वचितच सांभाळलेली असते, आणि तुटक्या अक्षरांचं मराठी वाचावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेसनमध्ये मराठीऐवजी उलटी तिरकी रेघ आणि आकडे दिसत असतील तर तो बिघाड नाही, दुसऱ्या बाजूला ते बरोबर उलगडतं. तरी वाचण्याजोगं हवं असेल तर जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड हा पर्याय द्या.

फॉर्म पाठवला, पण पोस्टमध्ये काहीच येत नाही.

तीन निरनिराळी दुखणी इथे एकसारखी दिसतात.

मोठी फाइल पाठवली असेल तर आधी आकार बघा. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ मुळात २ एमबी असतं आणि पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबी. पहिली मर्यादा ओलांडली तर फाइल्सच्या ॲरेमध्ये एरर क्रमांक १ मिळतो. दुसरी ओलांडली तर पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे रिकामे ठेवतं, आणि तुमच्या कोडला वाटतं फॉर्म पाठवलाच नाही. दोन्ही वाढवा, दुसरी पहिलीपेक्षा जास्त ठेवा. समोर एनजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची १ एमबीची मर्यादा असते आणि तिथे ४१३ येतो. ती विनंती पीएचपीपर्यंत पोहोचतच नाही, मग पीएचपीच्या लॉगमध्ये काय सापडणार? फाइलचा फॉर्म असेल तर एनक्टाइप 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' आहे ना, तेही पाहा.

फॉर्ममध्ये शेकडो रकाने असतील आणि शेवटचे काही हरवत असतील तर मॅक्स_इनपुट_व्हार्स बघा. मूळ मर्यादा १००० आहे. त्यापुढचं पीएचपी टाकून देतं आणि लॉगमध्ये फक्त एक इशारा लिहितं. मोठ्या तक्त्यांच्या फॉर्ममध्ये हे घडलं तर अर्धीच माहिती सेव्ह होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि जावास्क्रिप्टमधून जेसन पाठवत असाल तर पोस्ट रिकामाच असणार. पीएचपी तो ॲरे फक्त फॉर्मच्या स्वरूपातल्या मजकुरातून भरतं. जेसन हवं असेल तर 'पीएचपी://इनपुट' वाचून जेसन_डीकोड करा, आणि ७.३ पासून मिळणारा जेसन_थ्रो_ऑन_एरर द्या, म्हणजे मजकूर बिघडलेला असेल तर गुपचूप नल येण्याऐवजी एक्सेप्शन येईल.

डेटाबेसला जोडता येत नाही.

संदेशातला क्रमांक वाचा. १०४५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलात, पण नाव किंवा पासवर्ड चुकला. २००२ म्हणजे पोहोचलातच नाही. २००२ सोबत 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असेल तर लोक बुचकळ्यात पडतात: डेटाबेसचा आणि फाइलचा संबंध काय? लिनक्सवर होस्ट 'लोकलहोस्ट' दिला की पीएचपी नेटवर्कने न जाता सॉकेट फाइलमधून जोडतं, आणि ती फाइल अपेक्षित जागी नाही. १२७.०.०.१ लिहून बघा. त्याने जोडलं तर सॉकेटचा पाथ चुकलाय हे सिद्ध झालं. डॉकरमध्ये असाल तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्या.

'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' आलं तर पीडीओचं मायएसक्यूएल एक्स्टेंशन बसवलेलं किंवा चालू केलेलं नाही.

नावात अपॉस्ट्रॉफी आली की क्वेरी मोडते.

ही क्वेरी मोडली ते बरंच झालं, तिने मोठा धोका दाखवून दिला. वापरणाऱ्याचा मजकूर तुम्ही थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवत आहात. आज अपॉस्ट्रॉफी आली, उद्या त्याच जागी कोणी आपली एसक्यूएल लिहील आणि तुमचं टेबल वाचून नेईल. हे एसक्यूएल इंजेक्शन. चिन्हं बदलत बसू नका. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा आणि किंमती एक्झिक्यूटला वेगळ्या द्या. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव असं देता येत नाही, ते बाहेरून येत असेल तर ठरलेल्या यादीत आहे का ते तपासून घ्या. छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स लावा, साठवताना नाही.

आणि क्वेरी फसूनही एरर दिसत नसेल तर पीएचपी जुनं आहे. पीडीओ ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून आपणहून एक्सेप्शन टाकतात; त्याआधी ते तुम्हाला सांगावं लागतं.

पासवर्ड बरोबर टाकला तरी पासवर्ड_व्हेरिफाय 'खोटं' म्हणतं.

रकान्याची लांबी पाहा. बीक्रिप्टचा हॅश, म्हणजे पासवर्डऐवजी साठवलं जाणारं त्याचं सांकेतिक रूप, ६० अक्षरांचा असतो. रकाना ५० चा असेल आणि मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसेल तर हॅश कापून साठवला जातो आणि मग तो कधीच जुळत नाही. रकाना २५५ चा करा. कापलेले हॅश दुरुस्त होत नाहीत, त्या सगळ्यांना नवा पासवर्ड ठेवायला सांगावं लागेल. रकाना ठीक असेल तर नोंदणीच्या वेळी मजकूर ट्रिम केला आणि लॉगिनला नाही, असं काही झालंय का बघा. एमडी५ वापरत असाल तर या प्रश्नाच्या आधी ते बदला.

लॉगिन आपोआप जातं.

सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. लांब फॉर्म भरणाऱ्या माणसाला ते कमी पडतं. तुम्ही ते वाढवलं आणि तरी जात असेल, तर एकाच मशीनवरच्या दोन साइट सेशनच्या फाइली एकाच फोल्डरात ठेवत आहेत का ते पाहा. साफसफाई करणाऱ्याला कोणाची फाइल कोणाची ते कळत नाही. दुसऱ्या साइटची मुदत कमी असेल तर ती तुमच्या फाइलीही झाडून टाकते. प्रत्येक साइटला वेगळा सेव्ह_पाथ द्या.

लॉगिन झाल्या झाल्या जात असेल तर कुकी परत येत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह पत्त्यावर लॉगिन आणि त्याशिवायच्या पत्त्यावर रीडायरेक्ट, किंवा सिक्युअर कुकी आणि साधं एचटीटीपी, ही नेहमीची कारणं.

याच्याच शेजारचं एक: एका पानावरून चार एजॅक्स विनंत्या पाठवल्या आणि त्या एकामागून एक रांगेत उभ्या राहिल्या. सेशन_स्टार्ट फाइलला कुलूप लावतं, ते विनंती संपेपर्यंत उघडत नाही. सेशनमधलं लिहून झालं की सेशन_राइट_क्लोज करा.

'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड'. मेमरी वाढवू का?

तो आकडा म्हणजे १२८ एमबी, मूळची मर्यादा. वाढवण्याआधी एवढी मेमरी कशाला लागली ते शोधा. संपत नसलेलं रिकर्जन (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन) असेल तर कितीही द्या, संपेल. मोठं टेबल फेचऑलने एकदम उचलत असाल तर एकेक ओळ वाचा. पण तेवढ्याने मायएसक्यूएलच्या बाबतीत भागत नाही: पीडीओ मुळात सगळा निकाल आधीच आणून मेमरीत ठेवतं. लाखो ओळी असतील तर बफर्ड क्वेरी बंद करा, किंवा आयडीच्या टप्प्यांनी वाचा. मोठ्या फाइलींसाठी जनरेटर, म्हणजे एकेक तुकडा देत जाणारं फंक्शन, लिहा. मोठी छायाचित्रं लहान करण्यासारखं काम असेल तर मात्र मेमरी खरंच लागते, तिथे मर्यादा वाढवणं रास्त आहे.

५०२ आणि ५०४ यांत फरक काय?

५०२ म्हणजे एनजिनएक्सने पीएचपी-एफपीएमला हाक मारली आणि तिकडून नीट उत्तर आलं नाही: ते बंद आहे, सॉकेटचा पाथ जुळत नाही, किंवा प्रक्रिया मध्येच कोसळली. पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर हे हमखास होतं, कारण सॉकेटच्या नावात आवृत्ती असते आणि एनजिनएक्समध्ये जुनंच नाव राहतं. ५०४ म्हणजे वाट बघून कंटाळलं. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतं.

मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम ३० असूनही विनंती मिनिटभर कशी चालते, हा पुढचा प्रश्न. लिनक्सवर त्या ३० सेकंदांत डेटाबेसची वाट बघण्यात किंवा स्लीपमध्ये गेलेला वेळ धरला जात नाही. एफपीएमचा स्लो लॉग चालू करा. कोणत्या ओळीवर वेळ जातोय ते तो नाव घेऊन सांगतो.

माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर 'क्लास नॉट फाउंड' येतं.

विंडोजवर फाइलच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही, लिनक्सवर मानला जातो. क्लासचं नाव मोठ्या अक्षराने आणि फाइलचं लहान, असं असेल तर कंपोझरच्या (लायब्रऱ्या बसवणारं साधन) ऑटोलोडरला ती फाइल सापडत नाही. नाव बदलताना गिटला फक्त अक्षराचा फरक कधी कधी कळत नाही, म्हणून सर्व्हरवर खरंच काय पोहोचलंय ते जाऊन बघा. इन्क्लूडचे पाथ __डिर__ पासून सुरू करा. आणि सर्व्हरवर 'कंपोझर इन्स्टॉल' चालवा, 'अपडेट' नको. नाहीतर तुम्ही तपासलेल्या आवृत्त्या एक आणि तिथे बसलेल्या दुसऱ्या.

परवानगीचा एरर आला म्हणून कोणी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, द्यायला सांगेल. देऊ नका. फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५, आणि ज्या फोल्डरात लिहायचं आहे त्याची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला.

कोड बदलला तरी जुनंच दिसतं.

ब्राउझरची कॅश सोडून पाहिलं असेल तर कारण ओपीकॅश, म्हणजे कंपाइल झालेला कोड साठवून ठेवणारी पीएचपीची कॅश. मुळात ते दर दोन सेकंदांनी फाइल बदलली का पाहतं, पण चालू सर्व्हरवर वेगासाठी ही तपासणी पूर्ण बंद केलेली असू शकते. मग एफपीएम रीलोड केल्याशिवाय नवा कोड येत नाही.

ॲरेमधला शेवटचा घटक आपोआप बदलतो!

वर कुठेतरी फोरईचमध्ये & लावून घटक बदलले आहेत. लूप संपला तरी ते व्हेरिएबल शेवटच्या घटकाला बांधलेलं राहतं. खाली त्याच नावाने दुसरा फोरईच चालवला की प्रत्येक फेरीत शेवटच्या घटकावर नवी किंमत लिहिली जाते, आणि अखेरीस तिथे शेवटून दुसऱ्याची प्रत उरते. लूपनंतर अनसेट करा, किंवा & टाळून कीने बदला.

१९.९९ ला १०० ने गुणून इंट केलं तर १९९८ येतं. पीएचपी चुकतंय का?

नाही. १९.९९ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. गुणाकार १९९८.९९९… होतो आणि इंट पुढचं सगळं कापून टाकतं. आधी राउंड करा. पैशांचे हिशेब मुळातच सर्वांत लहान एककात, पूर्णांकांत ठेवा आणि डेटाबेसमध्ये फ्लोटऐवजी डेसिमल वापरा.

मेल फंक्शन 'ट्रू' देतं, पण मेल पोहोचत नाही.

'ट्रू' म्हणजे मेल मशीनवरच्या टपाल प्रोग्रामच्या हवाली झाली, एवढंच. पीएचपीमेलर किंवा सिम्फनी मेलर घेऊन एसएमटीपीने पाठवा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावा. 'फ्रॉम' मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता घालू नका, तो 'रिप्लाय-टू' मध्ये जातो.

कर्ल एरर ६० येतो. तपासणी बंद केली की चालतं.

हा एरर म्हणजे कर्लला समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र पडताळता आलं नाही. तपासणी बंद केली की चालतं, पण मग समोर खरा सर्व्हर आहे की मध्येच बसलेला कोणी, हे तुम्हाला कळणार नाही. मशीनवर प्रमाणपत्रांची ताजी यादी बसवा आणि तिचा पाथ कर्ल.सीएइन्फोमध्ये द्या. विंडोजवर हे जास्त होतं.

सगळं करून पाहिलं, तरी सापडत नाही.

मग अंदाज थांबवा आणि एक्सडीबग हा पीएचपीचा डीबगर बसवा. जिथे शंका आहे तिथे ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे जा. व्हेरिएबलमध्ये तुम्हाला *वाटतं* ते नाही, खरं काय आहे ते दिसेल. जुनी माहिती वाचून पोर्ट ९००० ठेवला असेल तर बदला: एक्सडीबग ३ पासून तो ९००३ आहे, आणि एक्सडीबग.मोडमध्ये 'डीबग' लिहावं लागतं.

ते शक्य नसेल तर कोड अर्धा करत जा. प्रत उतरवून घ्या, निम्मा भाग काढा. चूक राहिली का? मग उरलेल्याचा निम्मा काढा. काही फेऱ्यांत दहा-पंधरा ओळी उरतात, आणि त्या ओळी बघताना बहुतेकांना उत्तर स्वतःलाच दिसतं. दिसलं नाही तर त्याच ओळी, पूर्ण संदेश आणि पीएचपीची आवृत्ती घेऊन दुसऱ्याला विचारा. फोटो नको, मजकूर द्या. पाठवण्याआधी डेटाबेसचा पासवर्ड तेवढा काढून टाका.